यान आहे, पण दुरुस्त कोण करणार?

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘प्रगत तंत्रज्ञान, आदिम संस्कृती: विज्ञानकथेतले समाज’. त्यातल्या ‘आदिम’ शब्दाशी माझं भांडण आहे, त्याकडे येतोच. आधी माझी ओळख दुरुस्त करतो. संयोजकांनी मला ‘अभ्यासक’ करून टाकलंय. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ३१ वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे मोजमाप आणि नियंत्रणाच्या उपकरणांचं काम केलं. गेज, व्हॉल्व्ह, रिले, पॅनेल. विज्ञानकथा वाचल्या त्या कंपनीच्या बसमध्ये, शिफ्टला जाता-येता. त्यामुळे कथेत एखादं यंत्र आलं की मला पहिला प्रश्न एकच पडतो. हे बिघडलं की कोण येणार?

आजच्या विषयातल्या कथांना तर हा प्रश्न जरूर विचारावा. तुम्ही त्या पाहिल्या-वाचल्या आहेत. यान एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जातं आणि त्यातून उतरणारा माणूस कमरेची तलवार उपसतो. राजा आहे, सरदार आहेत, पिढीजात वैर आहे. आपण म्हणतो, चालायचंच, पडद्यावर बरं दिसतं. पुष्कळदा तेवढंच कारण असतंही. पण चांगला लेखक त्या तलवारीचा हिशेब देतो.

फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ ही कादंबरी घ्या, १९६५ची. तिच्यात सम्राट आहे, सरदारघराणी आहेत, विषप्रयोग आहेत, सुरे आहेत. सुरे का? तर लढणाऱ्याच्या अंगाभोवती ऊर्जेचं कवच असतं. वेगात आलेली गोळी ते अडवतं, हळू सरकवलेलं पातं मात्र आत शिरतं. कवचाला लेसरचा किरण लागला तर अणुस्फोटासारखा दणका होऊन मारणाराही उडू शकतो. मग हातात उरतो सुरा, आणि तो चालवायला शिकवणारा वस्ताद. विचार करणारी यंत्रं फार जुन्या एका बंडानंतर धर्माने निषिद्ध केलेली, म्हणून आकडेमोडीसाठी माणसंच घडवलेली. ताऱ्यांमधली सगळी वाहतूक एकाच संघाच्या मुठीत. त्याने जहाज नाकारलं की सरदार आपल्या ग्रहावर कोंडला गेला. ही सरंजामशाही मागच्या जमान्यातून चुकून उरलेली वाटत नाही, कारण त्या यंत्रांच्या तऱ्हाच तिला जगवतायत.

त्याच कादंबरीत वाळवंटातले फ्रेमेन लोक आहेत. दरबाराच्या लेखी ते रानटी. हे लोक अंगावर एक पोशाख चढवतात. तो घाम, लघवी सगळं गाळून पिण्याजोगं पाणी करतो आणि त्याचा पंप माणसाच्या चालण्या-श्वासावरच चालतो. पोशाख ते स्वतः बनवतात, स्वतः सांधतात. सरदार ज्या जहाजातून येतो ते कसं चालतं हे सरदाराला माहीत नाही. फ्रेमेन माणसाला मात्र पोशाखाचा कुठला पट्टा ढिला आहे ते हात लावताच कळतं. माझ्या खात्यात जागा असती तर मी फ्रेमेन पोरालाच घेतलं असतं. सरदाराला ॲडमिनला पाठवलं असतं.

(हशा.)

आता जरा मागे जाऊ. १७२६ साली जोनाथन स्विफ्टने गलिव्हरला एका तरंगत्या बेटावर नेलं, लापुटावर. भल्यामोठ्या चुंबकाच्या जोरावर ते बेट आभाळात फिरतं. वर राहणारे लोक गणितात आणि संगीतात इतके बुडालेले की त्यांच्या घरांच्या भिंती तिरक्या, एकही कोपरा काटकोनात नाही, कारण गवंड्याची भूमिती त्यांना हलकी वाटते. खालच्या एखाद्या शहराने बंड केलं तर राजा बेट त्याच्या डोक्यावर आणून उभं करतो. ऊन बंद, पाऊस बंद. तरीही ऐकलं नाही तर बेटच त्यांच्यावर टेकवायचं. पण राजा शेवटचा उपाय करायला कचरतो. बेटाचा तळ तडकला तर? तीनशे वर्षांपूर्वीच्या या विनोदी राजालाही मेंटेनन्सची धास्ती आहे. माझ्या दृष्टीने तो तिथे एकदम खरा होतो.

एडगर राइस बरोजची मंगळावरची पहिली कथा १९१२ मध्ये एका मासिकातून क्रमशः आली. साहित्य म्हणून फार उंच नाही, पण तिच्यातली एक गोष्ट मी विसरू शकलो नाही. मंगळावर सगळे तलवारींनी लढतात. त्यांच्याकडे रेडियमच्या बंदुका आहेत, आकाशात उडणारी जहाजं आहेत. पण ज्या हत्याराने हल्ला झाला त्याहून मोठं हत्यार उचलणं नामर्दपणाचं. ठीक, तो त्यांचा रिवाज. खरी मौज पुढे आहे. ग्रह मरत चाललाय आणि श्वासाची हवा एका प्रचंड कारखान्यात तयार होते. हवा कशी बनते ते प्रत्येक मुलाला शिकवलेलं असतं. पण त्या इमारतीत शिरायचं कसं, हे गुपित एका वेळी फक्त दोघांकडे. कथेच्या शेवटी कारखाना बंद पडतो आणि अख्खा ग्रह गुदमरायला लागतो. तत्त्व सगळ्यांना पाठ, किल्ली दोघांच्या खिशात! आमच्याकडे स्टोअरची किल्ली असणारा रजेवर गेला की काय व्हायचं ते आठवलं.

इथे मला आमच्या मामांची गोष्ट सांगायची आहे. बॉयलर हाउसला एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. बर्नर चालू करण्याआधी ते पॅनेलच्या डाव्या दारावर दोन थापा मारायचे आणि मगच स्टार्टचं बटण दाबायचे. मी विचारलं, मामा, हे काय? म्हणाले, ‘वस्ताद मारायचे.’ मी जुनी ड्रॉइंग काढून बसलो. डाव्या दाराच्या मागे एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच होता आणि त्याचा कॉन्टॅक्ट चिकटायचा. थाप मारली की सुटायचा. म्हणजे कधीकाळी ती थाप म्हणजे चक्क दुरुस्ती होती, अडाणी असली तरी. पुढे आम्ही रिले काढून पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक बसवला. नवं कपाट आलं, नवी खोली झाली. मामा दोन थापा मारतच राहिले. ते निवृत्त झाले, त्यानंतर एका ट्रेनी पोराला मी पाहिलं. दोन थापा, मग बटण. ‘सर, मामांनी सांगून ठेवलंय, हे विसरायचं नाही.’

आयझॅक असिमॉव्ह या लेखकाच्या ‘फाउंडेशन’मध्ये याच दोन थापांवर एक धर्म उभा केलाय. त्या कथा १९४०च्या दशकात आल्या, पुस्तक १९५१चं. आकाशगंगेचं साम्राज्य ढासळतंय. कडेच्या राज्यांकडे अणुवीज केंद्रं आहेत, पण ती चालवणारं कुणी उरलेलं नाही. मग फाउंडेशन नावाची एक छोटी विज्ञानवसाहत त्यांना माणसं शिकवून देते, पुरोहित म्हणून. ते मंत्र म्हणत बटणं दाबतात. क्रम पाठ आहे, कारण ठाऊक नाही. मग एका राज्याचा कारभारी याच फाउंडेशनवर युद्धनौका पाठवतो. नौकेवरचा पुरोहित उभा राहतो, नौकेला शाप देतो आणि दिवे जातात, यंत्रं थांबतात. खलाशी गुडघ्यावर येतात. शाप खरा ठरण्याचं कारण असं की ती नौका फाउंडेशननेच दुरुस्त करून दिलेली होती आणि तेव्हाच बंद करायची सोय आत बसवून ठेवलेली होती.

हे वाचताना आपल्याकडच्या माणसाला कर्ण आठवायला हवा. परशुरामाकडे त्याने ब्राह्मण असल्याचं सांगून विद्या घेतली. खरं कळल्यावर गुरूने शाप दिला की ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही. अस्त्र कर्णाचं होतं, पण बंद करायची सोय शिकवणाऱ्याने स्वतःकडे ठेवली. अश्वत्थाम्याचंही बघा. सौप्तिक पर्वात तो आणि अर्जुन दोघं अस्त्र सोडतात, व्यास आणि नारद मधे येऊन उभे राहतात. अर्जुन आपलं मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते मागे घेता येत नाही, आणि त्याची झळ उत्तरेच्या पोटातल्या गर्भाला बसते. महाभारतात अणुबॉम्ब होता असं मी म्हणत नाहीये, उद्या व्हॉट्सॲपवर माझ्या नावाने ते फिरवू नका. पण अस्त्र चालवता येणं आणि अस्त्र कळणं यांतला फरक त्या कवीला स्वच्छ दिसला होता.

आता ते भांडण. ‘आदिम’ म्हटलं की आपण मनात एक शिडी धरतो. खालच्या पायरीवर रानटी, वरच्या पायरीवर आपण. ही शिडी १८७७ साली लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकी अभ्यासकाने नीट ठोकून उभी केली. धनुष्यबाण आला की एक पायरी, मडकी भाजता आली की पुढची, लोखंड गाळलं की आणखी पुढची, लिपी आली की सुधारलेले. या हिशेबात त्याने पॉलिनेशियन लोकांना रानटी अवस्थेच्या मधल्या पायरीवर बसवलं. तारे आणि लाटांची चाल बघून पॅसिफिकसारखा महासागर ओलांडणारी माणसं! शिडीवर तशा बोटी मोजायला पायरीच नव्हती.

आणि लांब कशाला जायचं? १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली गाडी इथेच आली, ठाण्याला. ३४ किलोमीटर, तीन इंजिनं, ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’. त्या दिवशी एखादा परका लेखक रुळांशेजारी उभा असता तर त्याने आजच्या पत्रिकेवरचाच मथळा दिला असता. वाफेचं इंजिन, आणि भोवती धोतरं-पगड्या. पण त्याने हेही विचारायला हवं होतं की इंजिनात हात घालायची मुभा कुणाला आहे? गाडी चालवण्याच्या चांगल्या पगाराच्या जागा बरीच वर्षं गोऱ्यांकडे आणि अँग्लो-इंडियनांकडे राहिल्या. भारतात बांधलेलं पहिलं इंजिन अजमेरच्या कारखान्यातून निघालं ते १८९५ला, ४२ वर्षांनी. ही ४२ वर्षं लोकांच्या बुद्धीच्या नावावर मांडायची की त्या व्यवस्थेच्या? कथेतल्या तलवारवाल्या प्रजेकडे पाहताना मला आता हाच संशय येतो. तिला मागास ठेवण्यात कुणाचा तरी फायदा असतो, आणि लेखक चांगला असेल तर तो माणूस कथेत कुठेतरी सापडतो.

वेळ झालीय म्हणून खूण करतायत. एखादा प्रश्न घेऊ. मागे कोण? हां, बोला.

‘सर, मी महापेला डेटा सेंटरमध्ये आहे. आम्ही खंडेनवमीला पूजा करतो. ती म्हणजे मामांच्या थापाच का?’

नाही हो. पूजा केली म्हणून मशीन चालू होईल, असं आमच्या कुठल्याच फिटरने कधी म्हटलं नाही. उलट पूजेच्या आदल्या दिवशी तो ते पुसायचा, ग्रीस घालायचा, सैल बोल्ट आवळायचा. वर्षभर सांगून न झालेली कामं त्या एका दिवशी व्हायची. तुम्ही सर्व्हरला हार घालता?

‘नाही सर, सर्व्हर हॉलमध्ये फुलं, हळद-कुंकू काहीच नेता येत नाही. धूळ चालत नाही. उदबत्ती लावली तर अलार्मच वाजेल. आम्ही बाहेरच्या डीजी सेटला हार घालतो.’

जनरेटरला! तुमच्याकडचं सगळ्यांत साधं यंत्र ते. त्यालाच का?

‘बाकीचं बिघडलं तर व्हेंडरला फोन करून तिकीट टाकतो, सर. डीजी आमचे भाऊ स्वतः खोलतात.’

कुठे राहतात हे भाऊ? ठाण्यातच? मग पुढच्या वर्षी या खुर्चीवर त्यांना बोलवा. मी तिथे, समोर येऊन बसतो.