पऱ्यातून दर्यात

(दृश्य: कोकणातल्या आंजर्ल्याची पुळण, जूनमधली सकाळ. उधाण ओसरतंय.)

भरतीचं पाणी जिथवर चढलं, तिथवर हा काळपट पट्टा. लांबून वाटतं, काटक्या आणि पालापाचोळा असेल. जवळ जाऊन वाका. गुटख्याच्या पुड्या, एका पायाची स्लीपर, थर्माकोलचे दाणे, नायलॉनच्या जाळ्याचा गुंता. आणि हा नखाएवढा निळा तुकडा: दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा.

हा कोपरा टाकायला समुद्रावर कुणीच आलं नव्हतं.

(दृश्य: बाजारपेठेमागचा कोरडा पऱ्या, मे महिना.)

तो असल्याच एखाद्या पऱ्यातून, म्हणजे पावसाळी ओढ्यातून, निघाला. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते तेव्हा समुद्र भेटतो. आपल्याकडे सह्याद्रीचा पायथा आणि किनारा यांत बऱ्याच ठिकाणी ५०-६० किलोमीटरही नाहीत. मे महिन्यात पऱ्या कोरडा, म्हणून त्याची कचराकुंडी होते. मृगाचा पाऊस कोसळतो, एका रात्रीत पऱ्या लख्ख होतो आणि आपल्याला वाटतं, गाव धुऊन निघालं.

(दृश्य: खाडीतली कांदळवनं, म्हणजे खारफुटी, मुळांना अडकलेल्या पिशव्या.)

वाटेत कांदळं थोडं अडवून धरतात. चिखलातून वर आलेली त्यांची मुळं श्वास घेतात. त्यांच्यावरच पिशव्या बसतात. उरलेलं दर्यात.

(दृश्य: बंदरावर शाकारलेल्या होड्या, जाळी दुरुस्त करणारे हात.)

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हे दिवस जाळी सांधायचे. पूर्वी जाळी सुताची, तागाची असत, कुजून जात. नायलॉन कुजत नाही. समुद्रात तुटून राहिलेलं जाळं मालक नसतानाही मासे धरत राहतं, कासवंही. इथल्याच किनाऱ्यावरच्या वेळास गावात २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली जातात. संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यानं २०१८मध्ये आणली. चांगलीच आहे. पण आधीच तुटून वाहत गेलेल्या जाळ्यातलं कासव कोण सोडवणार? म्हणून या मांडीशेजारी ठेवलेली गोणी बघा. कापलेला प्रत्येक दोरा तिच्यात पडतोय.

(दृश्य: पुन्हा पऱ्या. गोण्या घेऊन उतरलेली माणसं.)

किनारा साफ करायला आम्हीही जातो, जाणारच. पण दर्यानं परत दिलेलं प्लास्टिक वाळू आणि खारानं माखलेलं असतं, भंगारवालाही तोंड फिरवतो. कोरड्या पऱ्यातली बाटली मात्र तो घेतो. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तूंवर २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी पऱ्यात उतरावं लागतं ते आपल्यालाच, आणि तेही मेमध्ये.

(दृश्य: स्वयंपाकघर. कात्री, दुधाची पिशवी.)

कोपरा पूर्ण कापलेला नाही. चीर दिली आहे, तुकडा पिशवीलाच लटकतोय. पिशवी विसळून दोरीवर वाळत घातली आहे.

मृग लागायला अजून दहा दिवस आहेत.