पटावर नसलेली माणसे

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचे वाटे झाले, तेव्हा माझ्या हाती आलेल्या पैशांत शहरात जेमतेम दोन खोल्या आल्या असत्या. वासणा रस्त्याच्या टोकाला, कालव्यापलीकडे, तेवढ्यातच तीन बेडरूमचा फ्लॅट आणि गॅलरीसमोर तुरीचे शेत मिळत होते. रावपुरा, बाबाजीपुरा, नवापुरा सोडून भायली-सेवासीच्या पट्ट्यात राहायला गेलेल्या अनेक मराठी घरांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे. या नव्या वस्तीमुळे गावाच्या शाळेवर, कराच्या हिशेबावर आणि राहण्याच्या रीतीवर ताण येतो, अशी जुन्या ग्रामस्थांची तक्रार असते. ती तक्रार मी इतकी वर्षे शेजारून ऐकत आलो, आणि ती बहुतांशी खरी आहे असे माझे मत झाले आहे.

कराचीच गोष्ट आधी सांगतो, कारण ती थोडक्यात आटोपते. ग्रामपंचायत होती तोवर घरवेरा, पाणीवेरा (इकडे कराला वेरा म्हणतात), दिवाबत्ती आणि सफाई मिळून आम्ही वर्षाला जे भरत होतो, ते आमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या आणि पहारेकऱ्याच्या खर्चापुढे किरकोळ होते. पाण्याला आमची बोअर होती, मैल्याला आमची टाकी होती. ती टाकी भरली की टँकर येई, आणि तो पुढे कुठे रिकामा होतो, हे विचारण्याची गरज आमच्यापैकी कोणालाही भासली नाही. मतदारयादीतले नाव आणि रेशनकार्ड मात्र आम्ही शहरातल्या जुन्या पत्त्यावरच ठेवले होते. ग्रामसभेची दवंडी आमच्या फाटकाशी येऊन थांबे. तरीही रस्त्यात खड्डा पडला की तलाठ्याकडे पहिला अर्ज आमचाच जायचा!

पुढे जून 2020 मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया आणि वडदला ही 7 गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. गावातून विरोध झाला. आम्हाला मात्र ड्रेनेजची लाईन येणार म्हणून आनंद झाला. त्या आनंदात एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. ज्या सरपंचाला पारावर गाठून कोणीही जाब विचारू शकत होते, त्याची जागा आता 19 वॉर्डांच्या, प्रत्येकी 4 नगरसेवकांच्या सभागृहाने घेतली होती, आणि त्या सभागृहाचे दार कसे ठोठवायचे हे आम्हा शहरवाल्यांना ठाऊक होते, गावाला नव्हते.

आता शाळेविषयी, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. शहरातून आलेल्यांच्या मुलांनी गावची शाळा भरून जाते, असा एक समज आहे. आमच्याकडे तसे मुळीच घडले नाही. आमच्या सोसायटीतले एकही मूल गावच्या प्राथमिक शाळेत जात नाही. सकाळी पावणेसातला पिवळ्या बसेस येतात आणि सगळ्यांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे घेऊन जातात. तरीही त्या शाळेवर ताण आहे, आणि तो आमच्यामुळेच आहे. आमची घरे बांधायला दाहोद, पंचमहाल आणि झाबुआकडून मजूर आले, घरे उभी राहिल्यावर भांडी-फरशीची कामे करणाऱ्या बायका आल्या, पहारेकरी आले, आणि या सर्वांची मुले त्या शाळेत गेली. घरबांधणीची एखादी स्कीम सुरू झाली की पट फुगतो, ती संपली की ओसरतो, आणि होळी जवळ आली की मजुरांची कुटुंबे गावी जातात, तेव्हा वर्गातली एक ओळच्या ओळ रिकामी होते. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 90 पर्यंत 3 आणि 120 पर्यंत 4 असे प्रमाण घालून दिले आहे. हे प्रमाण स्थिर पटासाठी ठीक आहे. पण जुलैत 70, जानेवारीत 110 आणि मार्चमध्ये पुन्हा 80 मुले असतील, तर त्या शाळेने शिक्षक कोणत्या महिन्याच्या हिशेबाने मागायचे?

त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिचे तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तरतूद उत्तमच आहे. मात्र आमच्या भागात तिचा परिणाम असा होतो की, ज्यांना अर्ज लिहिता येतात, जे कचेरीत खुर्ची ओढून बसू शकतात, असे सर्व लोक त्या समितीच्या बाहेर राहतात, कारण त्यांची मुले पटावर नसतात. दिवसाची रोजी बुडवून बैठकीला आलेली बाई अंगठा उमटवते आणि निघून जाते. गर्दीचा भार शाळा कशीबशी पेलते. बोलणारी माणसे पाठ फिरवून गेली आहेत, त्याला तिच्याजवळ इलाज नाही.

बडोद्यात बसून हे बोलताना सयाजीरावांची आठवण टाळता येत नाही. 1893 मध्ये त्यांनी अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू केला. 1910 पासून त्यांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या मदतीने गावोगाव वाचनालये उभी केली, तेव्हा खर्चाची वाटणी मोठी मार्मिक होती: एक वाटा गावाने वर्गणीने जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने, म्हणजे जिल्ह्याच्या पंचायतीने, द्यायचा आणि तेवढाच सरकारने. गावाने आपला वाटा काढल्यावाचून महाराजांचा रुपया येत नसे. आम्ही आमचा वाटा सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये घातला.

जमिनीचा हिशेबही शाळेशीच येऊन भिडतो. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यानुसार टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, शेतकऱ्याच्या जमिनीतला मोठा भाग रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक कामांसाठी जातो, आणि योजनेच्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे 5 टक्के शाळा, दवाखाना अशा सोयींसाठी राखले जाऊ शकतात. म्हणजे आमच्या शाळेची जमीन शेतकऱ्याने आधीच देऊन ठेवलेली असते. माझ्या गॅलरीतून असा एक राखीव तुकडा दिसतो. त्यावर गांडा बाभूळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजली आहे आणि संध्याकाळी आमची मुले तिथे क्रिकेट खेळतात.

राहण्याच्या रीतीविषयी एकच प्रसंग सांगतो. ज्यांच्या शेतावर आमची सोसायटी उभी आहे, ते काका आजही दोन म्हशींचे दूध घालायला येतात. नवा पहारेकरी आला तेव्हा त्याने त्यांना नोंदवहीत सही करायला लावली. त्यात नाव, वेळ, फ्लॅट क्रमांक यांच्यापुढे ‘कुठून आलात’ असा रकाना होता. काकांनी गुजरातीत लिहिले, ‘अहींनोज’, म्हणजे इथलाच. पहारेकऱ्याने ते खोडून त्यांच्याकडून फळियाचे, म्हणजे गावातल्या त्यांच्या आळीचे, नाव लिहून घेतले. ती वही मी पाहिली आणि सोसायटीच्या बैठकीत विषय काढला, तेव्हा सुरक्षेचा प्रश्न आहे, असे उत्तर मिळाले.

गाव मात्र सगळे गोड होते, असेही मी म्हणणार नाही. जमिनी कोणी हिसकावून घेतलेल्या नाहीत. चांगला भाव आला तेव्हा त्या विकल्या गेल्या, आणि त्या पैशांतून बांधलेल्या खोल्यांत आज तेच मजूर भाडे भरून राहतात. जुन्या गावात पाणवठ्यावर कोणी कुठे उभे राहायचे, याचे नियम होते, आणि ते मोडले याचे दुःख मला होत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघे निवृत्त शेजारी त्या शाळेत गेलो आणि पंखे द्यायची तयारी दाखवली. मुख्याध्यापिका बाईंनी पंखे नको म्हटले. मुलांचे जन्मदाखले, आधारकार्डे आणि बदलीचे दाखले यांचे अर्ज भरून देणारे कोणी असेल तर पाठवा, असे त्या म्हणाल्या, कारण कागद नसले की दाहोदहून आलेल्या मुलाची शिष्यवृत्ती अडते. तेव्हापासून शनिवारी, सकाळची शाळा असते त्या वेळी, आम्ही व्हरांड्यात टेबल मांडून बसतो. होळीला गावी गेलेली 7 मुले अजून परतलेली नाहीत. त्यांचे अर्ज भरून तयार आहेत, आणि बाईंनी त्यांची नावे अद्याप पटावरून काढलेली नाहीत.