आधी सा सापडू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यातली रात्र. भुसावळला दिवसभर ४५ अंशांचं ऊन पडलेलं, भिंती अजून धगधगत होत्या. अशा वेळी आमच्या आबांनी घरातला कूलर बंद केला. पंखाही बंद केला. घरची मंडळी वैतागली, साहजिकच आहे. पण आबांना मोबाईलवर आलेला वीस सेकंदांचा एक तुकडा ऐकायचा होता, आणि कूलरच्या घरघरीत तानपुरा कानावर येत नव्हता.

आबा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. मी अमळनेरची. शिरपूरच्या एक शिक्षिका, चोपड्याचे एक केळीवाले भाऊ, धुळ्याचा तबला शिकणारा एक मुलगा, अशी आम्ही आठ-दहा जणं. प्रत्यक्ष भेटी फार थोड्या. पण दर शनिवारी रात्री नऊ वाजता आम्ही मोबाईलवर जमतो आणि शास्त्रीय संगीतातली कोडी एकमेकांना घालतो. ज्याची पाळी त्यानं कोडं घालायचं, बाकीच्यांनी रविवारच्या दिवेलागणीपर्यंत उत्तर द्यायचं. उत्तरासोबत कारण हवंच. नुसतं नाव चालत नाही.

त्या रात्रीचं कोडं सोपं वाटलं होतं. आलापाचा तुकडा, गायकाचं नाव झाकलेलं, राग ओळखायचा. मी दोनदा ऐकलं आणि लिहून मोकळी झाले : भूप. पाच स्वर, सा रे ग प ध, दुसरं काय असणार? आणखी दोघांनीही भूपच लिहिलं. मन मात्र खात होतं. भूप ऐकताना जो निवांतपणा वाटतो, तो इथे नव्हता. काहीतरी टांगल्यासारखं, अधांतरी वाटत होतं.

रविवारी सकाळी आबांचा आवाज आला. "बाई, पह्यले सा आयका, मंग राग सांगा." तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, गायकाच्या सा मध्येच लावतात; त्या ज्या स्वरात वाजत होत्या तो स्वर आबांनी गुणगुणून दाखवला. तो सा माझ्या सा पेक्षा वेगळा होता. मी ज्याला सा धरून बसले होते, तो धैवत, म्हणजे ध, निघाला!

श्रोतेहो, हे जरा सावकाश सांगते, कारण खरी गंमत इथे आहे. सा, रे, ग, म, प, ध, नी यांचीच पूर्ण नावं षड्ज, रिषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद. तो तुकडा होता मारवा रागाचा. मारव्यात पंचम नसतो. रिषभ कोमल, म्हणजे जरा उतरलेला; मध्यम तीव्र, म्हणजे जरा चढलेला; बाकी शुद्ध. त्यात षड्जाला गायक फार जपून हात लावतो. रिषभ आणि धैवतावर उभा राहतो आणि षड्ज टाळत राहतो. वीस सेकंदांच्या त्या तुकड्यात षड्ज एकदाही आला नव्हता. उरले पाच स्वर : धैवत, निषाद, कोमल रिषभ, गंधार, तीव्र मध्यम. आता यातल्या धैवतालाच कुणी सा मानलं, तर हेच पाच स्वर हुबेहूब सा रे ग प ध होतात. म्हणजे मारव्याच्या पोटात भूप दडलेला सापडतो. पेटीवर वाजवून पाहा, पटेल.

आबांनी आणखी एक पुरावा दिला. तानपुऱ्याची पहिली तार एरवी पंचमात लावतात. भूपात पंचम आहे, तेव्हा ती पंचमातच वाजली असती. इथे ती निषादात लावलेली होती. एवढं ऐकण्यासाठी तो कूलर बंद झाला होता. जोडाचा सा मनात धरून मी तोच तुकडा पुन्हा लावला. कानातला भूप विरून गेला आणि मारवा समोर उभा राहिला. सूर्य बुडतानाची ती हुरहूर आता कुठे कळली. मग केळीवाल्या भाऊंनी विचारलं, हेच स्वर पूरियाचे, हेच सोहनीचे, मग मारवाच कशावरून? पूरिया मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात रमतो, सोहनी तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे झेपावते. हा मधेच अडून राहिला होता, म्हणून मारवा. त्यावर दुपारपर्यंत चर्चा चालली.

सनावळीची कोडी मला फारशी आवडत नाहीत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय कधी काढलं? ५ मे १९०१. झालं, संपलं. पण १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांनी ध्वनिमुद्रिकेसाठी गायल्यावर शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत का उच्चारलं, हे कोडं दोन दिवस पुरलं. धुळ्याच्या मुलाला तो अभिमान वाटला. कारण वेगळंच होतं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला; तिथल्या कारागिरांना गाणारं कोण हे कळावं, म्हणून नाव रेकॉर्डवरच सांगायची पद्धत होती. आणि ज्या आकाशवाणीवरून मी बोलते आहे, तिनंच १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, हा त्यामागचा एक मोठा आक्षेप.

आपल्या मातीतलं एक कोडं तर मला फार जवळचं आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी तापीकाठी, गाव कोणतं? शिरपूरच्या ताईंनी अर्ध्या मिनिटात लिहिलं, "आमच्या तालुक्यातलं थाळनेर!" माई मंगेशकरांचं ते माहेर, म्हणजे लतादीदींचं आजोळ. त्या ताई लहानपणापासून थाळनेरचा किल्ला पाहत आल्यात. त्या दिवशी त्यांचं उत्तर वाचताना मलाच भरून आलं.

या शनिवारी पाळी माझी आहे. दोन तुकडे काढून ठेवलेत. दोन्हींत सा रे ग प ध हेच स्वर. एक राग संध्याकाळ सरल्यावरचा, एक सकाळचा. पहिल्या तुकड्यात गायक पुन्हा पुन्हा गंधारावर विसावतो. दुसऱ्यात वरच्या अंगानं फिरतो आणि धैवताला धरून बसतो. पहिला राग कोणता, दुसरा कोणता? या वेळी तानपुरा पंचमात लावलेला आहे, एवढंच आत्ता सांगते.

नमस्कार.