साडेतीन मीटरचं भांडण

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय "सायकलस्वार आणि वाहनचालक: संघर्ष आणि उपाय". उपाय शेवटी येणार आहेत, त्यासाठी वेळ राखून ठेवलाय, पण त्याआधी एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, जी मी जो भेटेल त्याला ऐकवत असतो आणि आज एवढी मंडळी आपणहून ऐकायला बसलीयत म्हटल्यावर ती संधी मी सोडणार नाही.

आधी जरा हात वर करा. गाडी कोण कोण चालवतं? बरं. आणि सायकल? अरे वा, काहींनी तर दोन्ही हात वर केलेत. एक तरी हात हँडलवर ठेवा म्हणजे झालं.

तर गाडीवाल्यांना विचारलं की सायकलवाल्यांचा राग का येतो, तर ठरलेली उत्तरं येतात. मध्येच चालवतात, सिग्नल पाळत नाहीत, हात न दाखवता वळतात, रात्री लाइट नसतो. सायकलवाल्यांना विचारा, ते म्हणतील खेटून जातात, कट मारतात, हॉर्न मारून दचकवतात, न बघता दार उघडतात. दोघंही खरं बोलतायत. पण दोघांचाही निष्कर्ष एकच असतो, की समोरचा माणूसच उर्मट आहे. इथे माझं म्हणणं वेगळं आहे. या भांडणाचा मोठा भाग रस्त्याच्या रुंदीत आहे, आणि ती रुंदी कुणीतरी कागदावर आखून दिलेली असते.

हे मला कळलं ते माझ्या दाजींमुळे. दाजी रोज गाडीने जातात, मी सायकलने, आणि घरी भेटलो की वाद ठरलेला. दाजी म्हणायचे, "अरे, कडेला एवढी जागा असते, तुम्ही लोक मुद्दाम मधे चालवता." मी म्हणायचो, "दाजी, कडेला जागा दिसते, असत नाही." हे एवढ्यावरच फिरत राहायचं. शेवटी एकदा ताई वैतागून म्हणाली, "टेप घ्या आणि मोजा एकदाचं." रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, आम्ही खरोखरच टेप आणि खडू घेऊन गेलो. दाजींनी टेपचं एक टोक कडेच्या दगडावर पायाने दाबून धरलं, मी दुसरं टोक घेऊन लेनच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत गेलो. ३ मीटर ४० सेंटीमीटर. "बघ," दाजी म्हणाले, "गाडी पावणेदोन-दोन मीटरची, उरलेले दीड मीटर तुझे." त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता.

मग आम्ही खडूने आखायला लागलो. कडेचा पहिला अर्धा मीटर सोडा, कारण तिथे गटाराची जाळी, खडी, काचा, साचलेलं पाणी, त्यातून कुणी चालवत नाही आणि चालवलं तर पडतो. दाजींनी स्वतः ती जाळी वाकून बघितली, तिच्या फटी रस्त्याच्या दिशेनेच होत्या, सायकलचं चाक सरळ आत बसेल अशा. त्यांनी बूट त्यावर ठेवून बघितला आणि काही बोलले नाहीत. मग सायकलच्या हँडलचे साठ सेंटीमीटर. मग ओव्हरटेक करताना सोडायचं अंतर, ते बऱ्याच देशांच्या नियमात दीड मीटर आहे. मग गाडी, आरशांसकट दोन मीटर. बेरीज करा. अर्धा, साठ सेंटीमीटर, दीड, दोन. चार मीटर साठ. आणि लेन ३ मीटर ४०. म्हणजे गाडीचा सव्वा मीटरच्या आसपासचा भाग शेजारच्या लेनमध्ये खडूने आखावा लागला. दाजी तिथे उभे राहून बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते.

मला हे का एवढं महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. लेन अगदी अरुंद असती, समजा पावणेतीन-तीन मीटर, तर ड्रायव्हरला दिसलं असतं की बाजूने जाता येत नाही, तो मागे थांबला असता किंवा पूर्ण लेन बदलून गेला असता. लेन साडेचार-पावणेपाच मीटरची असती तर दोघं सुखाने गेले असते. मधली जी रुंदी आहे ना, ती सगळ्यात वाईट. तिथे ड्रायव्हरला वाटतं मावेल, सायकलवाल्याला माहीत असतं की मावत नाही, आणि मग गाडी शेजारून घुसू नये म्हणून तो मुद्दाम मधे येतो आणि मागच्याला वाटतं हा अडवतोय. हे माझ्या मनचं नाही. ब्रिटनच्या २०२० सालच्या सायकल रस्त्यांच्या सरकारी मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की सायकली आणि गाड्या एकत्र असतील तिथे ३.२ ते ३.९ मीटरची लेन नको. आमच्या टेपवरचा आकडा बरोब्बर त्यात बसला.

२००६ च्या सुमाराला ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी आपल्या सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावून रस्त्यावर फेऱ्या मारल्या, दोन हजारांहून जास्त ओव्हरटेक नोंदवले. हेल्मेट घातलं की गाड्या थोड्या जास्त जवळून जातात, हे त्यातलं गाजलं, पेपरात तेवढंच आलं. पण मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वॉकर कडेपासून जितके आत चालवत गेले तितकं गाड्यांनी सोडलेलं अंतर कमी होत गेलं. मी त्याचा अर्थ असा लावतो, की बरेच ड्रायव्हर सायकलकडे बघून गाडी किती बाजूला घ्यायची ते ठरवत नाहीत, ते आपल्या नेहमीच्या रेषेवरून जातात आणि सायकल त्या रेषेच्या जवळ आली तर आली. म्हणूनच रेषा कुठे आखलीय हे एवढं महत्त्वाचं.

आता दाजींची बाजू, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. दाजी म्हणाले, "मान्य, नाही मावत. मग मी काय करू, रांगत जाऊ मागे?" मी हिशोब करून दाखवला. सायकल ताशी वीस, गाडी ताशी चाळीस, दोनशे मीटरपर्यंत सायकलच्या मागे राहावं लागलं तर किती वेळ जास्त गेला? अठरा सेकंद. आणि पुढे सिग्नल लाल असेल तर तेही नाही. यावर दाजी जे म्हणाले ते मी विसरणार नाही. म्हणाले, "अठरा सेकंदांचं काही नाही रे, पण माझ्या मागचा जो हॉर्न मारतो ना, तो सहन होत नाही."

हे अगदी खरं आहे. सायकलच्या मागे चालणाऱ्या गाडीवाल्यावर दबाव सायकलचा नसतोच, तो मागून येत असतो. मागच्याला पुढे सायकल आहे हे दिसतही नसतं, त्याला फक्त एक हळू जाणारी गाडी दिसते. मग पुढचा घाई करतो आणि नको तिथे ओव्हरटेक करतो. तुमच्यापैकी जे गाडी चालवतात त्यांना एकच विनंती, पुढची गाडी विनाकारण हळू वाटली तर हॉर्नवर हात जायच्या आधी तिच्या पुढे कोण असेल याचा विचार करा.

सायकलवाल्याच्या बाजूचीही एक गोष्ट गाडीवाल्याला आतून कधी कळत नाही, ती म्हणजे तो सरळ का चालवत नाही. दोन चाकांवरचा तोल हा सतत थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करतच टिकतो, आणि वेग कमी झाला, चढ लागला की डुलणं वाढतं. शेजारून मोठा ट्रक गेला की हवेचा धक्का आधी बाहेर ढकलतो आणि ट्रक पुढे जाताना आत ओढतो, ज्याने हे एकदा अनुभवलंय त्याला ते हँडलमध्ये आलेलं कायम आठवतं. आणि पार्क केलेल्या गाड्यांपासून लांब राहण्याचं कारण दार. दार उघडलं की जवळजवळ मीटरभर जागा खातं, आणि ताशी वीसने चाललेली सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते, ब्रेकपर्यंत बोटं पोचेपर्यंत संपलेलं असतं सगळं.

आणि एक तक्रार, जी मला प्रत्येक ठिकाणी ऐकावी लागते, "रस्त्याचा कर आम्ही भरतो." बरं, बघू. रस्त्याची झीज धुराभाराच्या, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या एका दांड्यावर येणाऱ्या वजनाच्या, साधारण चौथ्या घाताने वाढते असं अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या मोठ्या चाचण्यांवरून ढोबळपणे धरतात. दीड टनाच्या गाडीच्या एका धुऱ्यावर साडेसातशे किलो, माणसासकट सायकलच्या चाकावर चाळीस-पंचेचाळीस. भागाकार करा आणि चौथा घात घ्या, उत्तर लाखाच्या घरात जातं. नियम जड वाहनांवरून काढलाय, त्यामुळे आकडा काटेकोर धरू नका, पण सायकलने रस्ता झिजत नाही हे कळायला तेवढा पुरे. शिवाय पक्क्या गुळगुळीत रस्त्यांची मागणी अमेरिकेत आधी कुणी केली? सायकलवाल्यांनी. १८८० साली त्यांची राष्ट्रीय संघटना झाली आणि चांगल्या रस्त्यांसाठी त्यांनी मोठी चळवळ चालवली, तेव्हा मोटारी रस्त्यावर आल्याही नव्हत्या. हे सांगताना मला फार बरं वाटतं.

आयोजकांची चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं म्हणतायत. अजून तर उपाय सुरूही झाले नाहीत, तेव्हा भराभर घेतो.

पहिलं, वेग. पन्नासने चाललेली गाडी थांबायला, माणसाला कळायला लागणारा सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावरसुद्धा सत्तावीस-अठ्ठावीस मीटर लागतात, तीसने चाललेलीला तेरा-चौदा. दीड टनाच्या गाडीची पन्नासच्या वेगातली ऊर्जा वीसने जाणाऱ्या सायकलस्वाराच्या शंभर पटीहून जास्त असते, म्हणून जिथे दोघं एकत्र आहेत तिथे वेग तीस हवा. आणि तीसच्या पुढे न्यायचाच असेल तर सायकलला वेगळा रस्ता द्या, मधे कठडा असलेला, नुसता रंगवलेला पट्टा नको.

दुसरं, कायदा. जर्मनीने २०२० मध्ये सायकलला ओव्हरटेक करताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर लेखी केलं. ब्रिटनने २०२२ मध्ये लिहिलं की जास्त इजा करू शकणाऱ्याची जबाबदारी जास्त, आणि शांत रस्त्यावर किंवा अरुंद जागी सायकलस्वाराने लेनच्या मधून चालवावं. नेदरलँड्समध्ये गाडीने सायकलस्वाराला धडक दिली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मुळात गाडीवाल्याकडे, सायकलस्वार चौदा वर्षांखालचा असेल तर जवळजवळ पूर्णच. लोक म्हणतात तिकडची माणसंच वेगळी. अहो, १९७१ साली तिथे रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी गाड्या बंद ठेवल्या गेल्या, आणि मग रस्ते बदलत गेले. तेव्हाची माणसं तुमच्या-आमच्यासारखीच गाड्यांच्या प्रेमात होती.

तिसरं, सायकलवाल्यांसाठी, आणि हे मी तितक्याच कळकळीने सांगतोय. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या किंवा बसच्या कडेच्या फटीत कधीही घुसू नका, ड्रायव्हरला तुम्ही तिथे दिसतच नाही आणि तो वळला की सुटायला जागा नसते. पुढे लाल, मागे लाइट लावा. वळायच्या आधी मागे बघा, हात दाखवा. लाल सिग्नल तोडणाऱ्याचा राग पुढच्या चौकातल्या दुसऱ्याच सायकलवाल्यावर निघतो, हे लक्षात असू द्या.

गाडीवाल्यांनी आज घरी जाताना एवढं करा, दार उघडताना दाराच्या बाजूचा हात वापरू नका, लांबचा वापरा, अंग आपोआप वळतं आणि मागे नजर जाते. मागे बसलेल्यांनाही सांगा, मुलांना तर नक्की.

दाजींनी आता गाडीत टेप ठेवलीय, आणि त्या रस्त्याबद्दल आम्ही दोघांनी मिळून अर्ज केलाय, जाळी फिरवून बसवा आणि लेन अरुंद करून वेग तीस करा असा. जाळीचं काम झालं. लेनचं पत्र अजून फिरतंय. तुमच्या जवळच्या रस्त्यावर टेप धरायला कुणाला यायचं असेल तर बाहेर टेबलावर वही ठेवलीय, नाव लिहा. पहिल्या रांगेतल्या काकांचा हात मघापासून वर आहे, बोला काका.