नदीच्या वळणातले गाव

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यात, विल्कॉक्स काउंटीमध्ये, अलाबामा नदी एके ठिकाणी इतकी मोठी गिरकी घेते की आतल्या जमिनीला तीन बाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. या वेढ्यात वसलेल्या कृष्णवर्णीय वस्तीला लोक जीज बेंड म्हणतात. नकाशावर मात्र बॉयकिन हे नाव आढळते. या गावाचा इतिहास समजून घ्यायचा, तर नदीचे हे वळण सतत डोळ्यांपुढे ठेवावे लागते.

१८१६ मध्ये जोसेफ जी नावाचा जमीनदार नॉर्थ कॅरोलायनातून गुलामांना घेऊन येथे आला आणि त्याने कापसाचा मळा वसवला. पुढे १८४५ मध्ये हा मळा कर्जापोटी मार्क पेटवे या नातेवाइकाच्या हाती गेला. त्याने आणलेले सुमारे शंभर गुलाम नॉर्थ कॅरोलायनापासून येथवर पायी चालत आले. गुलामगिरी संपल्यावरही त्यांचे वंशज त्याच जमिनीवर वाट्याने शेती करीत राहिले, आणि मालकाचे पेटवे हे आडनाव आजही गावातील कितीतरी घरांचे आडनाव आहे.

१९३०च्या सुमारास कापसाचे भाव कोसळले. पलीकडच्या तीरावरील कॅम्डेनच्या ज्या व्यापाऱ्याकडून ही कुळे उधारीवर माल घेत, तो १९३२ मध्ये वारला आणि त्याच्या वारसांनी वसुलीसाठी माणसे पाठवून अवजारे, जनावरे, साठवलेले धान्य, जे मिळेल ते उचलून नेले. त्या हिवाळ्यात गाव अक्षरशः उपासमारीच्या दारात उभे होते. नंतर केंद्र सरकारच्या पुनर्वसन योजनेतून येथील जमीन विकत घेतली गेली, नवी घरे बांधली गेली आणि कमी व्याजाच्या कर्जावर शेते कसणाऱ्यांच्याच मालकीची झाली. माझ्या मते गावाच्या इतिहासातील ही सर्वांत निर्णायक घटना होय, कारण मतदारयादीत नाव नोंदवायला गेलेल्या कुळाला जमिनीवरून हुसकावण्याची रीत दक्षिणेत रूढ होती, आणि स्वतःच्या जमिनीवर राहणाऱ्याला तसे हुसकावता येत नव्हते.

पण नदी अडवता येत होती. कॅम्डेन हे काउंटीचे मुख्य ठिकाण. मतदार नोंदणी तेथेच होई. नागरी हक्कांची चळवळ जोर धरू लागताच, १९६२ मध्ये, तेथे नेणारी फेरीबोट बंद करण्यात आली. १९६५ च्या सुरुवातीला मार्टिन ल्यूथर किंग या गावी आले, तेव्हाही बोट बंदच होती.

याच एकाकीपणात येथील स्त्रियांची गोधडी घडली. जुन्या डेनिमच्या विजारी, विटलेले सदरे, पिठाच्या पोत्यांचे कापड यांचे तुकडे जोडून त्या गोधड्या शिवत. आपल्याकडची वाकळ आठवावी, अशीच ही गरजेतून आलेली कला आहे. चौकोनात चौकोन बसवत जाणाऱ्या एका नमुन्याला त्या घराचे छप्पर म्हणतात. १९६६ मध्ये जीज बेंड आणि शेजारच्या वस्त्यांतील स्त्रियांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था उभारली. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीकडून कॉर्ड्रॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाले, तेव्हा उरलेल्या तुकड्यांतून गावच्या गोधड्यांना नवे रंग मिळाले. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत त्या भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली.

फेरीबोट पुन्हा सुरू झाली, तीही २००६ मध्येच. मधली ४४ वर्षे बाजारासाठी, दवाखान्यासाठी वा कचेरीच्या कामासाठी निघालेला माणूस, कॅम्डेन समोरच्या तीरापलीकडे असताना, सुमारे साठ किलोमीटरचा वळसा घालून तेथे पोहोचत असे.