चक खरंच झिजलाय का?

लेथचा चक (जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, पकडून फिरवणारा भाग) गेला, आता त्याचे जॉ, म्हणजे पकडणारे जबडे, ग्राइंड करतो असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, खोलून धुतला का? तीन जॉच्या चकमध्ये स्क्रोलच्या (जॉ आत-बाहेर सरकवणारी आतली तबकडी) आट्यांत बारीक बुरा बसतो, कोणीतरी भरपूर ग्रीस मारलेलं असतं त्यात तो चिकटून राहतो, आणि जॉब वाकडा फिरला की आपण म्हणतो झिजला. तर जॉ काढा, त्यांच्यावरचे १-२-३ नंबर बघून ठेवा, रॉकेल नि ब्रशने साफ करा, कुठे बर (उठलेली बारीक धार) आला असेल तर ऑईलस्टोन फिरवा आणि त्याच क्रमाने परत बसवा. थोडं तेल पुरे, ग्रीस नको. चक स्पिंडलवर, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्यावर, बसतो ती जागा पण पुसा, तिथे एक चिप अडकली तरी पुढे सगळं वाकडं.

मग डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारा काट्याचा गेज. ग्राइंड केलेला सरळ बार पकडा, एकदा चकजवळ बघा, एकदा १०० मिमी लांब. दोन्हीकडे रनआउट (फिरताना बार किती हलतो ते) सारखा आला तर बार नुसता एका बाजूला सरकलाय, आणि ०.०५ ते ०.१ मिमी तर बऱ्याच नव्या चकलाही असतो, त्याच्यासाठी ग्राइंडर काढू नका. लांब गेल्यावर वाढला तर मात्र जॉवर संशय. प्रत्येक जॉखाली कागदाच्या दोन पट्ट्या ठेवायच्या, एक तोंडाशी, एक आत खोल, चक आवळायचा आणि ओढून बघायचं. तोंडाकडची सुळकन निघाली आणि आतली फाटली पण निघाली नाही, म्हणजे जॉ तोंडाशी फाकलाय.

आता ग्राइंडिंग. जॉ हार्ड केलेले असतात, साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल चालत नाही, टूलपोस्टवर (टूल बांधायच्या जागी) छोटा ग्राइंडर बांधावा लागतो. घोळ होतो तो इथे, की लोक चक ढिला ठेवून ग्राइंड करतात. अहो, आवळल्यावर जॉ खाचेत किंचित तिरका होतो, मग ढिला असताना सरळ केलेला आवळला की परत फाकणारच ना! आत खोल चकती पकडून आवळला तरी चालतं, पण चकतीखालचा भाग तसाच राहतो, तो उंचवटा नंतर वेगळा काढायचा. मला प्लेट बरी वाटते: मधे मोठं भोक, कडेला तीन छोटी भोकं मधल्या भोकात उघडणारी, जॉची टोकं त्यातून आत येतात आणि तिरके खांदे कडांवर टेकतात, म्हणजे चक आवळलेला आणि पकडायची बाजू पूर्ण मोकळी. ग्राइंडिंगचा बुरा पडू नये म्हणून लेथच्या बेडवर ओला कागद टाका, फडकं नाही, ते गुंडाळलं जातं. एका वेळी ०.०१ मिमीच घ्या, शेवटी कट न वाढवता ठिणग्या थांबेपर्यंत फिरवा. आणि हा अचूकपणा मुख्यतः त्याच मापाला मिळतो, कारण स्क्रोल सगळीकडे सारखा झिजत नाही, तेव्हा रोज जे माप पकडता त्याच्या आसपास ग्राइंड करा.

डेड सेंटरचं (जॉबला टोकाशी आधार देणारा, न फिरणारा अणकुचीदार तुकडा) टोक सोपं आहे, हेडस्टॉकच्या स्पिंडलमध्येच बसवा, कंपाउंड (टूलपोस्टखालची कोनात वळणारी स्लाइड) ३० अंशावर, तोच ग्राइंडर.

टेलस्टॉकच्या (चकसमोरचा सरकता आधार) बॅरलमधला मोर्स टेपर (निमुळतं भोक) ओरबाडला असेल तर आधी ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून बघा, नुसते उंचवटे असतील तर हाताने रीमर (भोक आतून साफ करणारं हत्यार) हलका फिरवला की भागतं. जास्त नको, कारण दोन नंबरचा मोर्स साधारण २० मिमीला १ मिमी उतरतो, व्यासात ०.०५ मिमी गेलं की ड्रिल चकचा आर्बर (निमुळता दांडा) १ मिमी आत जातो, त्याचा टँग (मागचं चपटं टोक) बॅरल सरकवणाऱ्या स्क्रूला लवकर टेकतो आणि बॅरल नेहमीएवढं मागे घ्यायच्या आतच ड्रिल चक सुटून येतो. तसं झालं तर टँग तेवढा कापून टाका.