खारपाणपट्ट्यातली वाफ

(दृश्य : मूर्तिजापूर तालुक्यातलं एक पत्र्याचं वर्कशॉप. टेबलावर तांब्याचा उभा बॉयलर.)

बघायला येणाऱ्यांची नजर जाते ती फिरणाऱ्या चाकावर. काकांची नजर नळ्यांवर. आयटीआयमध्ये फिटर शिकवण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली, आता वाफेच्या इंजिनाचं छोटं चालतं मॉडेल बनवायचा हा छंद.

या भागाला वाफेचं इंजिन नवं नाही. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ या अडीच फुटी रुळांवरची शकुंतला रेल्वेगाडी 1994 पर्यंत वाफेवर धावली. साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, तिची शिट्टी तोंडानं वाजवून दाखवतील. काकांचं मॉडेल मात्र तिची नक्कल नाही. एक बॉयलर, एक सिलिंडर आणि मध्ये हातभर नळी. खरं डोकं लागतं ते त्या हातभरातच.

(दृश्य : बॉयलरचा माथा, मुख्य व्हॉल्व्ह.)

वाफ घ्यायची ती माथ्यावरून. पाण्याच्या जवळची वाफ थेंब घेऊन येते, आणि वाफेसारखं पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरच्या टोकाशी ते अडकलं की एकतर पिस्टन जागीच थांबतो, नाहीतर दांडा वाकतो. म्हणून सिलिंडरखालचे ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायच्या तोट्या, सुरुवातीला उघडे. थंड धातूला लागून वाफेचं पाणी होतं. ते थुंकून झालं, कोरडी वाफ यायला लागली, की कॉक बंद.

इथं गावचं पाणीही आडवं येतं. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणी खारट. बॉयलरमध्ये पाणी आटतं, क्षार मागे राहून दाट होतात, फेस धरतो, आणि तो फेस वाफेबरोबर नळीत शिरतो. पुतण्या विचारतो, “काका, बोअरचं पाणी काऊन चालत नाई?”

“चालते ना बाबू. मंग आतून खरवडत बस.”

म्हणून छपरावरचं पावसाचं पाणी गाळून कॅनमध्ये भरून ठेवलंय.

(दृश्य : डाख (सोल्डर) दिलेला जोड, जवळून.)

इंजिन चालतं ते 3 बार दाबावर (बार हे दाबाचं माप). तेवढ्या दाबाला पाणी साधारण 143 अंशांना उकळतं. रेडिओ दुरुस्तीतला कथिल-शिशाचा डाख 183 अंशांना वितळू लागतो. एवढ्याशा फरकावर कोण विसंबेल? बॉयलरच्या जोडांना चांदीचाच डाख, 600 अंशांच्या वर वितळणारा. नळी वाकवण्याआधी लाल करून पाण्यात बुडवायची. पोलाद असतं तर कडक झालं असतं. तांबं मऊ पडतं.

सेफ्टी व्हॉल्व्ह थेट बॉयलरवर, मध्ये कुठलाही कॉक नाही. यावर चर्चा नाही. प्रेशर गेजच्या नळीला मात्र मुद्दाम वेटोळं दिलंय. त्यात पाणी साचून राहतं, दाब पोचवतं आणि तापलेल्या वाफेला गेजपर्यंत येऊ देत नाही.

(दृश्य : लुब्रिकेटरची, म्हणजे सिलिंडरला तेल देणारी, छोटी पितळी बाटली.)

सगळ्यात हुशार भाग हा. आत जाड सिलिंडर ऑइल. वाफेच्या नळीशी जोडणारं एक बारीक भोक, बस. ना पंप, ना स्प्रिंग. भोकातून थोडी वाफ आत येते, थंड होते, पाणी होऊन तळाला बसते. तेल हलकं, ते वर ढकललं जातं आणि त्याच भोकातून थोडं थोडं वाफेत मिसळून सिलिंडरकडे जातं. भोक मोठं झालं की तेल भसकन संपतं. बारीक ठेवण्यातच कौशल्य. ही बाटली सिलिंडरच्या आधी हवी, पुढे लावली तर तेल धुराड्यात जाईल आणि पिस्टन कोरडा राहील.

पहिला विस्तव पेटवण्याआधी बॉयलर थंड पाण्यानं काठोकाठ भरून हातपंपानं 6 बार दाब दिला, म्हणजे चालवायच्या दुप्पट. हवेनं हे करायचं नाही. कोंडलेली हवा जोड फुटताच उसळते. पाण्याचा दाब चटकन उतरतो, बहुतेक वेळा नुसती गळती होते. पहिल्या वेळी एका युनियनखाली, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या नटाच्या जोडाखाली, थेंब दिसला. काकांनी नट आणखी आवळला नाही. उघडला, आतला शंकू पुसला, कचऱ्याचा कण काढला, पुन्हा बसवला.

(दृश्य : इंजिन थांबलेलं, गेजचा काटा उतरतोय.)

विस्तव विझला तरी काम उरतंच. बॉयलर निवतो तशी आतली वाफ पाणी होते आणि पोकळी तयार होते. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर नळीतलं तेलकट पाणी मागे बॉयलरमध्ये ओढलं जातं. म्हणून मुख्य व्हॉल्व्ह आधीच बंद, आणि काटा शून्यावर टेकल्यावरच भरायचं झाकण सैल. मग लुब्रिकेटरच्या तळाचा स्क्रू काढून साचलेलं पाणी सोडायचं, वर तेल भरायचं. ते काम पुतण्याकडे आहे.